थंडीतील डिझेल मोटार : एका मिनिटाचा इतिहास

वैशाखाच्या या दिवसांत थंडीविषयी बोलावयाचे, हे पुष्कळांस विचित्र वाटेल. परंतु एखाद्या यंत्राचा इतिहास समजून घ्यावयाचा असेल तर ते सुरळीत चालते तेव्हाचे वर्णन फारसे उपयोगी पडत नाही. ते कोठे अडते आणि का अडते, हे पाहावे लागते. जुनी डिझेल मोटार एकदा तापली की दिवसभर तक्रार करीत नसे. तिचा खरा हट्ट असे तो थंडीच्या पहाटे, चालू होण्याच्या क्षणी. त्या क्षणाची हकीकत सांगण्याचा आमचा विचार आहे; कारण मोठ्या शोधाचे श्रेय कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या हकीकतीत काही अंशी सापडते.

प्रथम तत्त्व पाहू. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचा तळ हातास गरम लागतो, हा अनुभव सर्वांचा आहे. हवा दाबली की तापते. पेट्रोलच्या इंजिनात वायूचे मिश्रण पेटविण्यास विजेची ठिणगी लागते. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. तेथे केवळ हवाच मूळच्या सुमारे विसाव्या भागाइतक्या जागेत कोंडतात. ती कित्येकशे अंश तापते, आणि तीत तेलाचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो. म्हणजे हे इंजिन आपला विस्तव आपणच निर्माण करते. मात्र याच गुणात त्याचा दोषही दडलेला आहे. भोवतालचे लोखंड गार असेल तर दाबलेल्या हवेची उष्णता ते शोषून घेते, आणि ज्या उष्णतेवर सारा भरवसा, तीच ऐन वेळी अपुरी पडते.

रुडॉल्फ डिझेलने 1892 मध्ये आपल्या कल्पनेच्या एकस्वासाठी अर्ज केला तेव्हा ही अडचण त्याच्या मार्गात मोठी नव्हती. ऑग्सबर्ग येथील कारखान्यात 1897 साली ज्या इंजिनाची यशस्वी परीक्षा झाली, ते सुमारे तीन मीटर उंच होते आणि त्याची शक्ती होती जेमतेम वीस घोड्यांची. इंधनातील उष्णतेपैकी 26 टक्क्यांहून अधिक भाग त्याने कामास लावला. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांस ते साधणारे नव्हते. असे धूड कारखान्याच्या छपराखाली उभे असे, त्याच्या दिमतीस माणूस असे, आणि त्यास प्रथम गती द्यावयाची ती साठविलेल्या दाबाच्या हवेने. थंडीने अडून बसण्यास त्यास फारसे कारणच नव्हते.

डिझेलच्या थोडे आधी हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रजाने वेगळी वाट काढली होती. त्याच्या इंजिनाच्या माथ्यावरील पोकळ गोळा बाहेरून दिव्याच्या ज्योतीने तापवीत, आणि त्या तप्त गोळ्यात तेल पेटे. याच घराण्यातला जर्मनीचा लांझ बुलडॉग ट्रॅक्टर 1921 मध्ये निघाला. शेतकरी त्याच्या गोळ्याखाली फुंकदिवा लावी, काही मिनिटे थांबे, मग सुकाणूचे चाक त्याच्या दांड्यासह काढून गतिचक्रात खुपसून फिरवी. शेतावर हे चालून जाई. शहरातील डॉक्टरने किंवा टॅक्सीवाल्याने रोज सकाळी असे करावे, ही अपेक्षा मात्र करता येत नव्हती.

डिझेल इंजिन मोटारीत यावयाचे तर ते लहान व्हावयास हवे होते. अडथळा असा की, डिझेलच्या रचनेत तेल आत फवारण्यासही दाबाची हवा लागे, आणि तिच्यासाठी जड संपीडक बाळगावा लागे. ही कोंडी फोडणाऱ्यांत प्रॉस्पर लोरांज या इंजिनिअराचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. बेंझ कंपनीत असताना 1909 मध्ये त्याने पूर्वकक्षाचे एकस्व घेतले. मुख्य सिलिंडरला लागून एक लहानशी खोली, मध्ये अरुंद वाट. तेल आधी त्या खोलीत सोडावयाचे. तेथे त्याचा थोडा भाग पेटतो आणि उरलेले तेल त्या भडक्याच्या जोराने मुख्य सिलिंडरमध्ये उधळले जाते. संपीडकाची गरज संपली. या मार्गाने 1923 च्या सुमारास बेंझचे ट्रॅक्टर आणि मालमोटारी निघाल्या. पुढे 1927 पासून बॉशचे तेल फवारण्याचे पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागले, आणि 1936 साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझ 260 डी ही मोटार लोकांसमोर आली. अडीच लिटरचे इंजिन, शक्ती 45 अश्वशक्ती. 1940 पर्यंत अशा सुमारे दोन हजार मोटारी तयार झाल्या. तेल कमी लागते म्हणून टॅक्सीवाल्यांची तिच्यावर विशेष मर्जी होती.

परंतु ज्या युक्तीने डिझेल मोटार शक्य केली, तिनेच तिला थंडीपुढे दुबळे केले. एकाऐवजी दोन खोल्या झाल्या म्हणजे भिंती वाढल्या, आणि उष्णता पिणारे गार लोखंडही वाढले. त्या अरुंद वाटेतून जाताना हवेची आणखी काही उष्णता खर्ची पडे. म्हणून त्या खोलीत विजेने तापणारी तार बसविणे भाग पडले. आपल्याकडचे मिस्त्री हिलाच हीटर प्लग म्हणतात.

पूर्वीच्या मर्सिडीज मोटारींत हे प्लग मण्यांच्या माळेसारखे एकामागून एक जोडलेले असत, आणि त्याच माळेत चालकासमोरच्या फळीवर जाळीआड बसविलेली एक लहान तारही असे. चालकाने खुंटी ओढून धरावयाची, आणि ती तार लालसर होईपर्यंत वाट पाहावयाची. कडक थंडीत या गोष्टीस एक मिनिट सहज लागे. माळेतील एक मणी तुटला की सारी माळ निकामी, जाळीआड अंधार. मग मिस्त्री एकेका प्लगच्या दोन टोकांवर पेचकस आडवा धरी, आणि ज्या ठिकाणी तार उजळे तो प्लग जळालेला, असे ओळखी.

जर्मन चालकांनी या थांबण्यास ‘रुडॉल्फ डिझेल स्मृतीचे मिनिट’ असे थट्टेचे नाव दिले. थट्टेस कारुण्याची किनार आहे. डिझेल 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री इंग्लंडकडे जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ या बोटीवरून नाहीसा झाला. पुढे समुद्रात सापडलेल्या प्रेतावरील वस्तूंवरून त्याची ओळख पटली. आपले इंजिन घालून चाललेली विक्रीची मोटार पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. परंतु आम्हांस असे वाटते की, त्या मिनिटाचा खरा धनी लोरांजच होय. डिझेलच्या तत्त्वाला त्या थांबण्याची तितकी गरज नव्हती. ती होती लोरांजच्या खोलीला. आणि ती खोली नसती तर थांबावयास त्या काळी मोटारही नसती. इतिहास एका नावावर सारे जमा करतो. यंत्र मात्र प्रत्येकाचे देणे-घेणे वेगवेगळे मांडून ठेवते.

अर्थात दोष एकट्या खोलीचा नव्हता. गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि घट्ट झालेल्या वंगणामुळे इंजिन फिरविण्यास मात्र अधिक ताकद लागते. इंजिन सावकाश फिरले की दाबलेली हवा कड्यांवाटे निसटते आणि गार पडावयास तिला अधिक वेळही मिळतो. शिवाय डिझेल तेलातील मेणाचे कण थंडीत साकळून गाळणी तुंबवितात. कोणी तेलात रॉकेल मिसळी, कोणी मोटार उतारावर उभी करी, कोणी ईथरचा फवारा मारी. हा शेवटचा उपाय घातकी. ईथर फार लवकर पेटते. तापलेल्या प्लगशी त्याची गाठ पडली तर भलत्या वेळी स्फोट होऊन पिस्टन फुटण्याचा धोका असतो. फिनलंड, कॅनडा या देशांत रात्री इंजिनच विजेने कोमट ठेवण्याची सोय झाली.

महाराष्ट्राची डिझेलशी ओळख झाली ती मोटारीपेक्षा विहिरीवर. 1946 साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. तिच्या एका सिलिंडरच्या इंजिनास हँडल मारताना दाब सोडणारी दांडी वर धरावयाची, गतिचक्राला वेग आला की दांडी पाडावयाची, हे ज्ञान आमच्या शेतकऱ्यास कोणत्याही पुस्तकावाचून आले. पुढे डिझेल जीप आल्या, 1980 च्या सुमारास डिझेल अॅम्बॅसेडर आली, आणि निफाडसारख्या ठिकाणी पारा पाच अंशांजवळ उतरला की हीटर प्लगची किंमत कळू लागली. पण खरी परीक्षा हिमालयात. तेथे टाकीखाली जाळ करून तेल पातळ करण्याचे धाडस ट्रकवाल्यांनी वर्षानुवर्षे केले. उणे 33 अंशांतही न गोठणारे डिझेल इंडियन ऑइलने लडाखसाठी पुरविले ते नोव्हेंबर 2019 मध्ये.

ते मिनिट संपले कसे? प्रथम माळ गेली. पोलादी नळीत तार बसविलेले, प्रत्येकी स्वतंत्र जोडलेले प्लग आले. 1980 च्या सुमारास मिनिटाची जागा काही सेकंदांनी घेतली. नंतर खोलीच गेली. पूर्वकक्षावाचून सरळ सिलिंडरात तेल फवारणारी मालमोटार एम. ए. एन. कंपनीने 1924 सालीच दाखविली होती. पण लहान मोटारीत त्या पद्धतीचा खडखडाट सोसवत नसे. फवाऱ्यावर पुरेसा ताबा आल्यावर 1989 मध्ये ऑडी 100 टी. डी. आय. ही मोटार निघाली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पूर्वकक्ष नव्या मोटारींतून बहुतेक हद्दपार झाला. थंडीवरचा मोठा विजय अधिक तापणाऱ्या तारेने मिळाला नाही. अडचणीचे मूळ कारण काढल्याने मिळाला. परंतु ते काढता येईपर्यंतची पन्नासहून अधिक वर्षे त्या खोलीनेच निभावून नेली, हेही विसरता कामा नये.

एखाद्या जुन्या डिझेल मोटारीचा मालक आजही हिवाळ्यात किल्ली अर्धी फिरवून पिवळा दिवा विझण्याची वाट पाहतो. त्याने घाई करू नये, एवढे व्यावहारिक सांगणे. त्या अवकाशात डिझेलबरोबर स्टुअर्टचे, लोरांजचे आणि गोठलेल्या हातांनी पेचकस धरणाऱ्या अनामिक मिस्त्र्यांचेही स्मरण केले, तर ते मिनिट सर्वस्वी वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही.