सांगलीची तालीम आणि साताऱ्याच्या मालिका

दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयीं सुशिक्षित घरांत जी तक्रार नित्य ऐकूं येते ती थोडक्यांत अशी, कीं नट खोटे वाटतात आणि नट्या सगळ्या एकसारख्या. सायंकाळीं झालेला भाग दुसरे दिवशीं दुपारीं पुन्हां लागतो. जेवणानंतर तो न चुकतां पाहणारी वडील मंडळीही हेंच म्हणतात, आणि पुढचा भागही पाहतात. तक्रार निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तिच्यामागें ‘पूर्वींचा नट तसा नव्हता’ अशी जी समजूत असते, ती मात्र इतिहासास धरून नाहीं.

सन १८४३ मध्यें सांगलीस विष्णुदास भावे यांनीं श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें ‘सीतास्वयंवर’ उभें केलें. त्या वेळीं नटाच्या हातीं लिहिलेलीं भाषणें नव्हतीं. पदें सूत्रधारानें म्हणावयाचीं आणि त्यांचा आशय धरून पात्रांनीं आयत्या वेळीं सुचेल तें बोलावयाचें, असा परिपाठ होता. पात्रयोजनेचा विचारही फार खोल नसे. देखणा व कोवळ्या आवाजाचा मुलगा दिसला कीं त्यास लुगडें नेसवावें, आणि अंगानें दांडगा व घशानें खणखणीत गडी मिळाला कीं त्यास राक्षस करावें. राक्षसपार्टीच्या त्या आरोळ्यांवरूनच या जातीच्या नाटकांस पुढें ‘अललडुर्र’ हें थट्टेचें नांव चिकटलें. नायिकेनें डोळे विस्फारले कीं तिची मुद्रा तीन तीनदां दाखविणाऱ्या आजच्या मालिकेस हंसतांना त्या आरोळीची आठवण ठेवणें बरें.

हा प्रकार पालटला तो तालमीनें. सांगलीलगतच्या हरिपुरास १८५५ सालीं जन्मलेले गोविंद बल्लाळ देवल हे नाटककार म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. परंतु नट घडविणारा शिक्षक ही त्यांची योग्यता आम्हांस तितकीच मोठी वाटते. साताऱ्याचें जुनें नांव धारण करणाऱ्या शाहूनगरवासी मंडळींत गणपतराव जोशी यांनीं आगरकरांच्या ‘विकारविलसिता’ंतील हॅम्लेट वर्षानुवर्षें रंगविला आणि नायिकेच्या भूमिकांत त्यांस बाळाभाऊ जोगांची जोड मिळाली. पुरुषानें स्त्री व्हावें याहून अवघड पात्रयोजना कोणती? तरी ती प्रेक्षकांस पटली, कारण तीच भूमिका तोच नट शेंकडों वेळां करून घोटून काढी. पहिल्या प्रयोगाची चूक दहाव्या प्रयोगांत सुधारे.

आतां साताऱ्याच्या मालिका पाहाव्या. ‘लागिरं झालं जी’ ही मालिका २०१७ पासून २०१९ पर्यंत चालली. ज्या जिल्ह्यांत अपशिंगे मिलिटरी नांवाचें गांव आहे, तेथें फौजेंत जाऊं पाहणाऱ्या तरुणाची कथा शोधावयास दूर जावें लागत नाहीं. लेखक तेजपाल वाघ. नायक नितीश चव्हाण हा साताऱ्याचाच. नामांकित चेहऱ्यांपेक्षां त्या मातींतली बोली तोंडांत बसलेलीं माणसें पुढें आलीं, आणि बोलण्याची ढब खरी उतरली. पुण्यामुंबईच्या नटानें दोन ‘व्हय’ आणि एक ‘न्हाय’ घालून केलेलें ग्रामीण सोंग ज्यांनीं सोसलें आहे त्यांसच याचें मोल कळेल! याच मालिकेंत भय्यासाहेबाची खलभूमिका करणाऱ्या किरण गायकवाडास २०२० मध्यें ‘देवमाणूस’ मालिकेंत गोडबोल्या, खुनशी डॉक्टराच्या मुख्य भूमिकेसाठीं घेतलें गेलें. गुरगुरणारा गांवगुंड आणि हळू आवाजाचा घातकी ही दोन टोकें एका नटानें सांभाळलीं. अशा नटास एकसाची कोण म्हणेल?

मग खोटेपणा शिरतो कोठून? आमच्या मतें उणीव नटांची नाहीं, तालमीची आहे. आठवड्यास पांच-सहा भाग द्यावयाचे, संवाद पुष्कळदां चित्रीकरणाच्या दिवशींच हातीं यावयाचे. झालेली चूक सुधारण्यास दुसरा प्रयोग नाहीं. कथा लांबत गेली कीं कालचा सुस्वभावी दीर आज कपटी होतो, आणि त्याचें कारण नटासही कोणी सांगत नाहीं. म्हणजे देवलांनीं जेथून नटास वर काढलें, त्या आयत्या वेळच्या बोलण्यापाशीं तो पुन्हां येऊन पोंचला आहे. तेव्हां निदान मागें सूत्रधार उभा असे, आणि धनुष्य शेवटीं रामच मोडणार हें भाव्यांच्या नटास पहिल्या पदापासून ठाऊक असे.