दिनविशेष : २० एप्रिल १९१५ – वानची झुंज

ऑटोमन साम्राज्याच्या पूर्व टोकाला, मोठ्या सरोवराकाठी वसलेल्या वान शहरात या दिवशी गोळीबार सुरू झाला. एका आर्मेनियन बाईला ऑटोमन सैनिक ओढू लागले, तिच्या मदतीला धावलेल्या दोघांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि शहरातल्या आर्मेनियनांनी शस्त्र उचलले. आदल्याच आठवड्यात सुभेदार जेवदेत बे याने इश्खान या फेदाई म्होरक्याला दगा देऊन मारले होते.

‘फेदाई’ म्हणजे जिवावर उदार झालेला. आपल्या ‘फिदा’ शब्दाचे मूळही तेच. १८९४ ते १८९६ च्या भीषण कत्तलींनी सरकार आपले रक्षण करणार नाही हे आर्मेनियन खेड्यांना शिकवले. डोंगरात राहून गावे राखणाऱ्या फेदाई टोळ्यांना गावकऱ्यांनीच भाकरी आणि आसरा दिला.

वानमध्ये आराम मानुकियान आणि आर्मेनाक येकारियान यांनी मोर्चे बांधले. बंदुका मोजक्याच. मग घराघरांतले पितळ गोळा करून वितळवले, काडतुसे भरली, दारू शहरातच तयार केली. तोफा धडाडत असताना शाळकरी मुलांचा बँड गल्लीबोळांतून वाजत फिरे! सुमारे महिनाभर शहर असे तगले. मे महिन्यात रशियन फौज मदतीला पोहोचली.

याला ‘बंड’ म्हणणे अन्यायाचे आहे. दारात मरण उभे असताना लोकांनी दार लावून घेतले, इतकेच. रशियन मागे फिरताच त्याच उन्हाळ्यात वानकरांना घरे सोडावी लागली आणि वाटेत हजारो दगावले.