तळाशी राहिलेल्या कॅसेटी

दिवाळीच्या सफाईत माळ्यावरची लोखंडी पेटी खाली उतरली. आत चाळीसेक कॅसेटी. वरच्या थरात बीटल्स, डीप पर्पल, पिंक फ्लॉइड. तळाशी रेमो फर्नांडिसच्या तीन आणि रॉक मशीनची एक. ही उतरंड मीच लावलेली. लाखनीहून नागपूरला कॉलेजात गेलो तेव्हा सीताबर्डीवर कॅसेटी घ्यायचो. विलायती रॉक तेवढं खरं, आपल्या पोरांनी इंग्रजीत गायलं की ती नक्कल, हे माझं तेव्हाचं ठाम मत. रेमो एकदोनदा ऐकला आणि ठेवून दिला.

आमचा मुलूख धानाचा. पावसाळ्यातली ओल कॅसेटला मानवत नाही. फितींच्या कडांना पांढरी बुरशी धरली होती. स्पिरिटच्या बोळ्याने टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं, पेन्सिल घालून फिती सैल केल्या आणि या खेपेला तळापासून सुरुवात केली.

रेमो गोव्यातल्या शिवोलीचा. त्याने १९८४ साली 'गोवन क्रेझी' घरीच, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केली. या यंत्रात फितीचे चार पट्टे वेगवेगळे वापरता येतात: एकावर गिटार वाजवायची, फीत मागे घ्यायची, ती ऐकत दुसऱ्यावर ढोल, तिसऱ्यावर आवाज. एकटा माणूस असा अख्खा बँड होतो. कॅसेटी तयार झाल्यावर त्याने त्या स्कूटरवरून दुकानोदुकानी नेऊन विकल्या. इंग्लंडमध्ये १९७७च्या जानेवारीत बझकॉक्स या पंक बँडने उसन्या पैशांवर स्वतःची छोटी रेकॉर्ड काढली, तिचं केवढं कौतुक होतं! रेमोला कोणी पंक म्हणणार नाही, पण धाडस त्याच जातीचं.

त्याआधी आपल्याकडे हे जमणं कठीण होतं. रेकॉर्ड छापायला कारखाना लागतो, म्हणजे कंपनीची मर्जी लागते. १९७० आणि १९७१ साली देशभरातल्या बीट ग्रुपांची गाणी एलपीवर आली ती सिमला सिगारेटच्या स्पर्धेच्या कृपेने. कॅसेटने ही अट काढून टाकली.

पण मला धक्का दिला तो त्या गाण्यांच्या विषयांनी. 'ओड टू ग्रॅहम बेल' हे गाणं आपल्या टेलिफोनच्या रडकथेवर आहे. नागपूरचा ट्रंक कॉल बुक करून पोस्टात तासन्‌तास ताटकळणारा मी, आणि हे गाणं मला परकं वाटलं होतं! 'पॅक दॅट स्मॅक' १९८६ची. स्मॅक म्हणजे गर्द. त्याच वर्षी पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं. गर्दच्या बातम्या मी रोज वाचत होतो. त्याच विषयावरचं गाणं माझ्या खोलीत पडून होतं.

रॉक मशीनबद्दल मात्र माझं जुनं मत अगदीच चुकलेलं नव्हतं. उदय बेनेगलचा आवाज, महेश टिनईकरची गिटार, सगळं तयारीचं. तरी १९८८च्या 'रॉक अँड रोल रेनिगेड'वर अमेरिकेची छाप स्पष्ट आहे. त्यांनाही ते जाणवलं असावं. १९९३ साली त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं आणि १९९५च्या त्याच नावाच्या अल्बममध्ये इथले सूर आले. तो अल्बम मी कधी घेतलाच नाही.

आता कबुलीचं. 'पॅक दॅट स्मॅक'ची पहिली बाजू संपली, मी कॅसेट उलटली, तर रेमो नाहीच! तरुण श्रोत्यांना सांगायला हवं: विकतच्या कॅसेटवर चुकून काही मुद्रित होऊ नये म्हणून तिच्या कडेला दोन भोकं असत. भोकावर चिकटपट्टी लावली की फीत पुन्हा वापरता येई. तशी पट्टी लावून मी त्या बाजूवर वसतिगृहातल्या मित्राकडची डीप पर्पलची 'मशीन हेड' उतरवून घेतली होती. तीसुद्धा अर्धवट, मधेच वॉर्डनची हाक ऐकू येते.

पुसलेली फीत परत बोलत नाही. पहिली बाजू मी मुलाच्या मदतीने संगणकावर उतरवून घेतली आहे. चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. कॅसेट आता पेटीत वरच्या थरात आहे.