आभाळ भरून येतं, तरी पाऊस का पडत नाही?

पेरणी होऊन तीन आठवडे झालेले असतात. सोलापूरकडे दुपारी आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि ढग तसेच पुढे निघून जातात. एवढं पाणी डोक्यावरून जातं, मग ते खाली का येत नाही? याचं उत्तर ढगातल्या थेंबाच्या आकारात आहे.

ढगात नेमकं काय असतं?

ढग म्हणजे वाफ, असं अनेकांना वाटतं. पण वाफ डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला दिसतात ते पाण्याचे अतिशय बारीक थेंब. हवा वर जाते तशी थंड होते आणि तिच्यातली वाफ धूळ, धूर किंवा समुद्री मिठाच्या कणांवर जमते. असे कण नसतील तर थेंब तयार होणं जवळपास अशक्य आहे.

हा थेंब साधारण ०.०२ मिलिमीटरचा असतो. सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर खाली येतो, त्यामुळे वर जाणारी हवा त्याला सहज तोलून धरते. ढगाबाहेर पडलाच, तर वाटेतच सुकून जातो.

मग पाऊस कधी पडतो?

पावसाचा थेंब साधारण २ मिलिमीटरचा असतो. म्हणजे ढगातले सुमारे १० लाख थेंब एकत्र आले, तर पावसाचा एक थेंब होतो. नुसती वाफ जमून एवढी वाढ व्हायला फार वेळ लागतो. तोवर अनेक ढग विरूनही जातात.

त्यामुळे थेंब एकमेकांवर आदळून एक व्हावे लागतात. पण सगळे सारखेच बारीक असतील, तर ते एकाच वेगाने तरंगत राहतात. काही थेंब मोठे असले, की ते वेगाने खाली येताना वाटेतल्या लहान थेंबांना गिळत जातात. उंच, थंड ढगांमध्ये बर्फाचे कणही हे काम करतात.

हवेत धूळ-धूर जास्त असेल तर तीच वाफ जास्त कणांत वाटली जाते. थेंब भरपूर होतात, पण सगळे लहानच राहतात.

कृत्रिम पावसाचं काय?

सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. पुण्याच्या 'आयआयटीएम' या हवामान संशोधन संस्थेने २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात इथे प्रयोग केले. विमानातून ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराईडचे कण सोडले. हे क्षार पाणी ओढून घेतात आणि मोठे थेंब लवकर तयार होतात. फवारणीनंतर वाऱ्याच्या दिशेने १०० चौरस किलोमीटर परिसरात सरासरी सुमारे १८ टक्के जास्त पाऊस पडल्याचं संशोधकांनी सांगितलं.

पण यासाठी आधी योग्य ढग लागतो. निरभ्र आकाशातून कोणतंही विमान पाऊस पाडू शकत नाही. म्हणूनच कृत्रिम पाऊस हा दुष्काळावरचा उपाय नाही. पाऊस देऊ शकणाऱ्या ढगाला केलेली ती थोडी मदत आहे.