सात हजार हत्तींचा हिशेब

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाचे मुख्य ठाणे म्हणजे स्कुकुझा. तिथे एके काळी हत्तींचा कत्तलखाना होता. सकाळी हेलिकॉप्टर उडे, एखादा कळप हेरून त्याला मोकळ्या रानात आणले जाई आणि वरून औषधाच्या सुया मारल्या जात. औषध स्कोलीन. त्याने स्नायू लुळे पडतात, मग श्वासही थांबतो, पण शुद्ध मात्र हरपत नाही. यावर पुढे फार टीका झाली, तेव्हा औषध फक्त जनावर पाडण्यापुरते ठेवले आणि जीव बंदुकीने घ्यायला सुरुवात झाली. कळपातले एकही मोठे जनावर मागे सोडायचे नाही, असा दंडक होता. कुटुंब फुटले की उरलेली जनावरे बिथरतात. मागून ट्रक येत, पोट रानातच साफ होई आणि धूड स्कुकुझाला जाई. तिथे मांस डब्यांत भरले जाई, काही मीठ लावून वाळवले जाई. त्या वाळवणाला तिकडे बिल्टाँग म्हणतात.

1967 ते 1994 या काळात तिथे चौदा हजारांहून जास्त हत्ती मारले गेले. ते मारणारे लोक चोरटे शिकारी नव्हते, उद्यानाचे पगारी रक्षक आणि शास्त्रज्ञ होते. हत्ती वाचवण्यासाठीच त्यांची नेमणूक होती.

गोष्ट सुरू होते ती एका रोगापासून. आपल्याकडे त्याला बुळकांडी म्हणत. गुरांना ताप, तोंडात फोड, हगवण आणि आठ-पंधरा दिवसांत गोठा रिकामा. 1880 च्या दशकाच्या अखेरीस हा रोग आफ्रिकेच्या ईशान्य टोकाला, एरिट्रियात पोचला. इटालियन सैन्यासाठी हिंदुस्थानातून आणलेल्या गुरांबरोबर तो गेला, असे समजले जाते. ज्या रोगापायी इंग्रज सरकारने 1889 साली पुण्यात जंतुशास्त्राची प्रयोगशाळा काढली (ती पुढे मुक्तेश्वरला हलली) तोच हा रोग. 1896 मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत उतरला. त्यावर लस शोधायला रॉबर्ट कॉख किंबर्लीला गेले आणि तिथूनच 1897 मध्ये प्लेगच्या कामासाठी मुंबईला आले. बुळकांडीने गुरांबरोबर रानम्हशी आणि कुडू हरणेही झोपवली. हस्तिदंतवाल्यांनी हत्ती त्याआधीच संपवत आणले होते.

अशा ओसाड रानात 1898 साली पॉल क्रुगरच्या सरकारने साबी शिकार-राखीव जाहीर केले. 1902 मध्ये तिथे जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन हा स्कॉटिश लष्करी अधिकारी रुजू झाला आणि 1946 पर्यंत तिथेच राहिला. राखीव रानात राहणाऱ्या माणसांना त्याने बाहेर काढले. त्सोंगा भाषिकांनी त्याला नाव ठेवले स्कुकुझा, म्हणजे झाडून साफ करणारा किंवा सगळे उलथेपालथे करणारा. ज्यांना उठवले त्यांनी दिलेले नाव उद्यानाच्या मुख्य ठाण्याला चिकटावे, हा काळाने केलेला विनोद.

त्याचे काम एका ओळीचे होते: चरणारी जनावरे वाढवायची. म्हणून सिंह, रानकुत्रे, मगरी दिसतील तिथे मारल्या गेल्या. पुढे त्याला स्वतःलाच पटले की शिकारी जनावर हा रानाचा शत्रू नव्हे आणि त्याने हात आखडता घेतला. सरकारी अधिकाऱ्याने वीस-पंचवीस वर्षांत आपले मत बदलल्याचे हे दुर्मीळ उदाहरण म्हणायला हवे. 1926 मध्ये राखीवाचे राष्ट्रीय उद्यान झाले. पुढच्या वर्षी पर्यटकांच्या गाड्या आल्या, वर्षभरात मोजून तीन.

हत्तींचे काय? 1905 च्या सुमारास लेटाबा आणि ऑलिफंट्स नद्यांच्या संगमाजवळ दहाएक हत्ती आढळले. ऑलिफंट्स म्हणजे हत्तींचीच नदी. नाव होते, हत्ती जवळपास नव्हते. मग मोझांबिकच्या बाजूने ते हळूहळू येत गेले. हत्तीण बावीस महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच पिल्लू देते, त्यामुळे वाढ संथ वाटते. पण दुष्काळ आणि बंदूक या दोन्हींपासून अभय मिळाले तर कळप वर्षाला सहा-सात टक्क्यांनी वाढतो, म्हणजे दहा-बारा वर्षांत दुप्पट. 1960 च्या दशकात हेलिकॉप्टरमधून शिरगणती सुरू झाली. 1967 मध्ये आकडा सहा हजारांच्या वर गेला होता आणि अधिकाऱ्यांच्या पोटात गोळा आला.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या आणि दोन्ही चांगल्या हेतूने. पहिली पाण्याची. 1930 च्या दशकातल्या दुष्काळात जनावरे मरू लागली, तेव्हा लोकांकडून वर्गणी गोळा करून बोअर मारण्याची मोहीम निघाली. पवनचक्क्या उभ्या राहिल्या, टाक्या बांधल्या, ओढे अडवले. हे काम इतके उत्साहाने चालले की पुढे असे कृत्रिम पाणवठे तीनशेच्या वर गेले. दुसरी गोष्ट कुंपणाची. लाळ-खुरकत बाहेरच्या गुरांत पसरू नये म्हणून 1959 पासून दक्षिण आणि पश्चिम सीमेवर तारा ताणल्या गेल्या. 1970 च्या दशकाच्या मध्याला पूर्वेची, मोझांबिककडची बाजूही बंद झाली. झेब्रे आणि विल्डबीस्ट शतकानुशतके कोरड्या हंगामात पश्चिमेकडे, डोंगरांच्या दिशेने सरकत. ते एके दिवशी तारेपाशी येऊन उभे राहिले.

सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांबीचे, जवळजवळ वीस हजार चौरस किलोमीटरचे रान आता एक मोठा कोंडवाडा झाले होते. त्यात माणसांनाही जागा उरली नव्हती. 1969 मध्ये उत्तर टोकाच्या पाफुरी भागातून माकुलेके लोकांना हलवून ती जमीन उद्यानाला जोडली. 1998 मध्ये न्यायाने ती त्यांना परत मिळाली आणि त्यांनी ती शेतीखाली न आणता वन्यजीवांसाठीच ठेवली.

पाणवठ्यांची खरी किंमत कळली ती रोन हरणाच्या निमित्ताने. रोन म्हणजे जवळपास घोड्याच्या उंचीचे, मागे वळलेल्या शिंगांचे, तोंडावर काळापांढरा मुखवटा चढवल्यासारखे दिसणारे हरीण. उंच गवताचे, निवांत, कोरडे रान ही त्याची आवड. क्रुगरच्या उत्तरेकडे तसे माळ होते आणि पाणी नसल्यामुळेच तिथे इतर जनावरांची गर्दी नव्हती. रोनला पाणी मिळावे म्हणून तिथे बोअर मारले. पाणी आल्यावर झेब्रे आणि विल्डबीस्ट आले, गवत आखूड झाले, झेब्र्यांच्या मागे सिंह आले, आणि उघड्यावर आलेली रोनची पाडसे सिंहांच्या तावडीत सापडली. 1986 च्या सुमारास साडेचारशेच्या आसपास असलेले रोन 1993 पर्यंत पन्नाशीच्याही खाली घसरले. मधल्या दुष्काळाने उरलीसुरली कसर भरून काढली. ज्याच्यासाठी विहीर खणली त्यालाच तिने बुडवले.

हत्तींच्या बाबतीत मात्र सगळे लक्ष एका आकड्यावर होते. साधारण एका चौरस मैलाला एक हत्ती, म्हणजे उद्यानात सात हजार. आकडा लक्षात ठेवायला सोपा आणि अंमलात आणायला आणखी सोपा: दरवर्षी मोजायचे, वरचे उडवायचे. तो झाडांच्या अभ्यासातून कमी आणि सोयीतून जास्त आला होता, हे नंतर बऱ्याच जाणकारांनी मान्य केले. भीती खोटी होती असे नाही. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोंच्या आसपास चारा खातो. साली सोलतो, मारुलाची झाडे कपाळाने ढकलून आडवी करतो. पण हत्ती सगळ्या रानात सारखे पसरत नाहीत. ते पाण्याभोवती राहतात, आणि पाणी तर सगळीकडे पोचवलेले होते.

मारले नाही तर काय होते, याचा दाखलाही त्याच काळात केनियात मिळाला. त्सावोत 1960 च्या दशकात हत्ती फार झाले होते. रिचर्ड लॉज या शास्त्रज्ञाने अभ्यासासाठी तीनशे हत्ती मारून पाहिले आणि आणखी बरेच मारण्याचा सल्ला दिला. त्सावो पूर्वचा वॉर्डन डेव्हिड शेल्ड्रिक अडून बसला: निसर्गाचे निसर्ग बघेल. लॉज निघून गेले. 1970-71 च्या दुष्काळात तिथे हजारो हत्ती भुकेने मेले. पाण्यापासून चाऱ्यापर्यंतचे अंतर रोज वाढत गेले आणि पिल्लांसाठी नदीकाठी अडकलेल्या माद्या आधी गेल्या. शेल्ड्रिक बरोबर होता की लॉज, यावर अजून एकमत नाही; दुष्काळाच्या पाठोपाठ हस्तिदंतचोर आले आणि त्यांनी प्रयोगच मोडून टाकला.

क्रुगरमध्ये कत्तलीतून लहान पिल्ले वगळत आणि दुसऱ्या राखीव रानांना देत. त्यांतली काही पिलानेसबर्गला गेली. तिथे 1990 च्या दशकात पांढरे गेंडे मेलेले सापडू लागले, चाळीसच्या वर. अंगावर सुळ्यांच्या जखमा. मारेकरी निघाले तेच अनाथ, आता वयात आलेले तरुण नर. त्यांना वेळेआधीच मस्ती चढत होती आणि ती दीर्घकाळ टिकत होती. 1998 मध्ये क्रुगरहून सहा मोठे, प्रौढ नर आणून सोडले. पोरांची मस्ती उतरली आणि गेंडे मरायचे थांबले. हत्तींच्या घरातही वडीलधाऱ्यांचा धाक लागतो, हे शिरगणतीच्या कोणत्याही रकान्यात नव्हते.

1994 नंतर कत्तल थांबली. देशात सत्ता बदलली होती आणि जगभरातून होणारा विरोधही पेलवेनासा झाला होता. मग गर्भनिरोधक लस आली, डुकराच्या बीजांडांपासून केलेली. लहान राखीव रानांत ती चालते. हजारो हत्तिणींना पुन्हा पुन्हा सुई मारणे मात्र क्रुगरएवढ्या रानात झेपण्याजोगे नव्हते. संप्रेरकाच्या कांड्या बसवून पाहिल्या, तर त्या हत्तिणी सतत माजावर राहू लागल्या आणि नर त्यांचा पिच्छा सोडेनात. तो प्रयोग गुंडाळावा लागला. 2008 च्या सरकारी नियमावलीने कत्तलीचा मार्ग शेवटचा उपाय म्हणून कागदावर उघडा ठेवला.

प्रत्यक्षात उद्यानाने वेगळीच वाट धरली. निम्म्याच्या आसपास पाणवठे बंद केले, पवनचक्क्या उतरवल्या, काही बांध फोडले. हत्ती किती, यापेक्षा कुठल्या भागातली झाडे कशी आहेत, हे मोजायला सुरुवात झाली. हत्ती आज त्या सात हजारांच्या तिपटीहून जास्त आहेत आणि उंच झाडे काही भागांत विरळ झाली आहेत, ही तक्रार कायम आहे.

आणि कुंपण. ऑक्टोबर 2001 मध्ये नेल्सन मंडेलांच्या हस्ते एक फाटक उघडून हत्तींचा पहिला जथा मोझांबिकच्या बाजूला सोडण्यात आला. छायाचित्रे निघाली, भाषणे झाली. त्यांतले बरेच हत्ती थोड्याच दिवसांत चालत क्रुगरला परत आले. पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिका, मोझांबिक आणि झिंबाब्वे यांनी सामायिक उद्यानाचा करार केला आणि पूर्वेच्या तारा जागोजागी काढल्या. तेव्हा कुठे हत्ती, न बोलावता, आपापल्या पायांनी पलीकडे जाऊ लागले.