गवत्या : हाँगकाँग ते शेततळं

भरिताच्या वांग्यांचं गाव असोदा. खानदेशच्या या पट्ट्यात शेततळी झाली, बंगल्यांपुढे कमळांची कुंडं आली, आणि पाण्यात हायड्रिला हे पाणतण माजलं की ‘गवत्या सोडा’ असा सल्ला मिळू लागला. गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, इथला नव्हे.

तो मूळचा अमूर नदीपासून दक्षिण चीनपर्यंतच्या नद्यांतला. चिनी शेतकऱ्यांनी त्याला शतकानुशतकं पोसलं ते खाण्यासाठी. बांधावरचं गवत कापून तळ्यात टाकायचं. गवत्या खातो त्यातलं निम्म्याच्या आसपास न पचताच बाहेर पडतं, त्या खतावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांवर चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, जगतो.

1959 साली त्याची बोटुकली हाँगकाँगहून कटकच्या मत्स्यसंशोधन केंद्रात आली. पण तळ्यात हा मासा अंडी देईना. त्याला लांबलचक वाहती नदी लागते, अंडी फुटेपर्यंत प्रवाहात तरंगत राहावी लागतात. वाट आधीच सापडलेली होती: हिरालाल चौधुरींनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशातच, अंगुल इथं, पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून देशी कार्प माशांचं प्रजनन घडवलं होतं. 1962 मध्ये कटकला गवत्यावरही हा उपाय लागू पडला. मग रोहू, कटला, मृगळ, चंदेरा आणि सायप्रिनस यांच्या जोडीनं तो महाराष्ट्रातल्या तळ्यांत पोचला.

अमेरिकेनं 1963 मध्ये त्याला तणासाठी नेलं. तो नद्यांत पसरला, तेव्हा तिथं वांझ मासे तयार करावे लागले, आणि अनेक राज्यांत आज फक्त तसेच मासे सोडता येतात.

गवत्याच्या जबड्यात दात नसतात. घशात असतात, करवतीसारखे. कोवळी पानं तो त्यांनी कातरतो. हायड्रिला त्याला फार आवडतो, जलपर्णीला तो फारसा विचारत नाही. आवडीचं संपलं की कमळाच्या कोवळ्या पानांवर येतो. शिवाय वाढतो मीटरभराहून मोठा. अंगणातल्या कुंडात त्याला कोंडणं मला मुळीच पटत नाही.

भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तलावांवर तर उलटंच काम चाललं आहे. तलावांचे अभ्यासक मनीष राजनकर यांच्या संस्थेसोबत ढिवर समाजातल्या बायका उन्हाळ्यात तलावातलं बेशरमाचं झुडूप उपटतात, कोरडी जमीन नांगरतात आणि हायड्रिलासारख्या पाणवनस्पती मुद्दाम लावतात, कारण देशी मासे तिथंच आसरा घेतात, तिथंच अंडी घालतात. ज्याला आपण सरसकट तण म्हणतो ते त्यांच्या मासेमारीचं भांडवल आहे.

असोद्यातल्या कुंडालाही माणसाचे हात पुरेसे आहेत. हायड्रिला मुळासकट उपटावा, तुटलेले तुकडे जाळीनं गाळून काढावेत, नाहीतर तेच पुन्हा रुजतात, आणि सगळं खतखड्ड्यात टाकावं.