लायसन्स आणि पेटी

आमच्या नौपाड्यातल्या घरी रेडिओ आला तेव्हा त्याच्या पाठोपाठ एक पुस्तिकाही आली. रेडिओचं लायसन्स! हल्लीच्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात. पण घरात बसून गाणं ऐकायला पूर्वी सरकारची परवानगी लागे. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं तेव्हा वर्षाचे दहा रुपये पडत. चालवणारी कंपनी तीन वर्षांत बुडाली, पुढे इंग्रजही गेले, लायसन्स काही जाईना. नाना दरवर्षी पोस्टाच्या रांगेत उभे राहून पुस्तिकेत तिकिटं चिकटवून आणत आणि ती रेशनकार्डाशेजारी ठेवत. १९८० च्या दशकात लायसन्स उठलं, तर नानांना आनंदापेक्षा हळहळच जास्त!

बरं, पैसे भरले म्हणून हवं ते गाणं मिळेल, असंही नव्हतं. १९५२ मध्ये बा. वि. केसकर खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. झालं! पैसे दिल्लीला आणि कान कोलंबोला. बुधवारी रात्री अमीन सयानींची बिनाका गीतमाला लागली की अख्खी चाळ सिलोनची नागरिक. शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली.

त्या रेडिओची दुरुस्ती मात्र फार सोपी. प्रथम डाव्या अंगाला एक चापटी. तेवढ्यानं भागलं नाही तर डायलचा दोरा तुटला का बघायचं, आणि मग दुकान. दुकानदार मागचं झाकण काढून एखादा व्हॉल्व्ह हलवी आणि ‘हा गेला’ म्हणे. कोण गेलं, ते निदान कळायचं तरी!

आता डोंबिवलीतल्या आमच्या दिवाणखान्यात स्क्वीझबॉक्स आहे. इंग्रजीत हा शब्द भात्याच्या पेटीला, म्हणजे अकॉर्डियनला वापरतात. भाच्यानं अमेरिकेहून आणली, आणि नानांच्या सगळ्या कॅसेटी एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये भरून दिल्या. गेल्या दिवाळीनंतर पेटी एकदम मुकी. मी चापटी मारून पाहिली. कल्याणहून एका पोराला बोलावलं. त्यानं स्क्रू काढले, आत डोकावला आणि म्हणाला, “काका, हिच्यात काही नाहीच्चे.”

“चोरीला गेलं?”

“मुळातच नसतं. गाणी कॉम्प्युटरमध्ये. तो कुठाय?”

आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “तो होय? रात्रभर लुकलुकायचा मेला. साफसफाईत माळ्यावर टाकला.”

पोरगं शिडीवर असताना मला इतिहास सांगत होतं. २००१ मध्ये कॅलिफोर्नियात शॉन ॲडम्सच्या स्लिम डिव्हाइसेसनं अशी पहिली पेटी काढली. २००६ मध्ये लॉजिटेकनं कंपनी विकत घेतली, २०१२ मध्ये पेट्या बंद केल्या आणि २०२४ मध्ये त्यांना इंटरनेटवरून मिळणारी सेवाही. पण घरच्या कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्रॅम पहिल्यापासून सर्वांना खुला होता, म्हणून जगभरच्या हौशी मंडळींनी तो सांभाळला. लॉजिटेक मीडिया सर्व्हरचं बारसं आता लिरियन म्युझिक सर्व्हर. आद्याक्षरं तीच! लग्नात नाव बदलावं आणि ट्रंकेवरची अक्षरं मात्र पुसावी लागू नयेत, तसं.

माळ्यावरनं कॉम्प्युटर उतरला. धूळ पुसून वायर लावली. पाचेक मिनिटांनी पेटीच्या पट्टीवर हिरवी अक्षरं उमटली आणि नानांची कॅसेट लागली. त्या काळी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून गाणं उतरवायचं, आणि तेवढ्यापुरतं घरात कुणी बोलायचं नाही, असा दंडक होता. नानांनी तो कधीच पाळला नाही. सतारीच्या तुकड्यात ते खाकरले आणि स्पष्ट म्हणाले, “अरे, लायसन्सची मुदत संपत्ये. पोस्टात जाऊन ये.”

पोरगं शिडी धरून तसंच उभं. ही पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, “मागे घ्या हो जरा. पुन्हा लावा.”